सोलापूरचा ‘मार्शल लॉ’ : एका संज्ञेची चिकित्सा

१९३० च्या सोलापूरची हकीकत सांगताना ‘मार्शल लॉ’ ही संज्ञा त्या सबंध पर्वाचे नाव होऊन बसते. ८ मेचा गोळीबार, लष्कराचा अंमल आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास झालेली चौघांची फाशी, हे सारे ती एकाच छत्राखाली घेते. स्मरणास ही सोय उपकारक असेल. इतिहासविवेचनास मात्र ती घातक आहे, असे आमचे मत आहे.

घटनाक्रम असा. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव व पोलीस यांत संघर्ष पेटला. गोळीबारात शंकर शिवदारे पडले. प्रक्षुब्ध जमावाच्या हातून पोलीस शिपाई मारले गेले व न्यायालयाची इमारत जळाली. १२ मे रोजी शहर लष्कराच्या हाती गेले. त्यास आधार देणारा व्हाईसरॉय आयर्विन यांचा वटहुकूम मागाहून निघाला. आधी कृती व मग कायदा, हा क्रम लक्षणीय होय. लष्करी न्यायालयांनी अनेकांस कारावास व दंड ठोठावले. ३० जून रोजी हा अंमल संपला.

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा यांस फाशी झाली ती यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने. आणि तीही लष्करी न्यायालयाच्या नव्हे, तर नेहमीच्या फौजदारी न्यायालयाच्या निकालाने. अपिलाची पायरीही त्यात होती. ‘मार्शल लॉने चौघांस फासावर चढविले’ हे विधान म्हणूनच सदोष ठरते. त्यात सैनिकास दोष मिळतो; न्यायासनाची जबाबदारी मात्र दृष्टीआड होते.

लष्करी दहशतीची छाया त्या खटल्यावर पडलीच असेल, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु त्याने आमचेच म्हणणे बळावते. अपवादात्मक सत्ता मागे घेतल्यावरही तिचे कार्य नित्याच्या कायद्याने पुढे चालविले असेल, तर त्या दोहोंचे नाते तपासणे हेच अभ्यासकाचे काम उरते. एकच नाव दिल्याने ते नाते झाकले जाते.

विदर्भातील वाचकास या विवेकाची गरज अधिक आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला फौज आली, ती सोलापूरसारखा लष्करी कायदा पुकारल्यावाचून. तेथील अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांस दीर्घ उपोषण करावे लागले. घोषणा हीच लष्करी सत्तेची खूण मानली, तर चिमूर आपल्या व्याख्येबाहेर राहते. आणि घोषणेच्या काळातील सारे एकाच नावाखाली घातले, तर सोलापूरचे न्यायालय निर्दोष सुटते. आज्ञा कोणाची, ती कोणत्या अधिकाराने व कोणत्या तारखेस, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रसंगी निराळे विचारले पाहिजेत. हुतात्म्यांविषयीचा आदर त्याने उणावत नाही; त्यांच्या मृत्यूचे दायित्व तेवढे योग्य ठिकाणी जाते.