खलपुरुषाचे आकर्षण : लखोबा, अझीज आणि रन्नाचा दुर्योधन

बंगळुरूच्या कन्नड रंगभूमीवर सी. आर. सिंह यांनी उभा केलेला तुघलक तेथील प्रेक्षकांच्या एका पिढीच्या स्मरणाचा भाग होऊन राहिला. मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात तेच स्थान प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेला आहे. नीतीच्या कोणत्याही मापाने दोघेही दोषीच ठरतात. एकाने आपल्या स्वप्नाच्या हट्टापायी दिल्लीची प्रजा दौलताबादच्या वाटेला लावली, तर दुसऱ्याने नावे बदलून स्त्रियांना विवाहाच्या पाशात ओढले व नागवले. तरीही या नाटकांतील आवडते पात्र कोणते, असे विचारल्यास न्यायाची बाजू घेणाऱ्या सज्जनांपैकी एखाद्याचे नाव पुढे येण्याचा संभव फारच थोडा. या आवडीचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही, आणि समीक्षेने ते सारखे मानल्यामुळे बराच घोटाळा झाला आहे.

आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आले. लखोबा हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. निपाणी मराठी व कन्नड यांच्या सीमेवरचे गाव, आणि ही योजना केवळ स्थलनिर्देशापुरती नाही. लखोबाचे प्रत्येक सोंग प्रथम भाषेचे सोंग आहे. दिवाकर दातार या सरकारी अधिकाऱ्याचे बोलणे निराळे, कॅप्टन परांजपे यांची ऐट निराळी, दाजीशास्त्र्यांचे सोवळे निराळे, राधेश्याम महाराजांची गोडी निराळी. आणि या साऱ्यांचा इन्कार करणारा लखोबा न्यायालयात उभा राहतो तो सीमाभागातील भोळसट बोलीचा आडोसा घेऊन. पेहराव उतरवता येतो, पण बोली हा अशा माणसाचा अस्सलपणाचा दाखला मानला जातो. लखोबा नेमका तो दाखलाच खोटा करतो. फिरत्या रंगमंचामुळे साक्ष आणि घटना यांच्यामधले अंतर क्षणात मिटते, आणि रंगमंचावरच्या स्त्रीला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. म्हणजे फसवणुकीच्या वेळी प्रेक्षक फसवणाऱ्याच्या शेजारी बसलेला असतो. पणशीकरांच्या अभिनयाचे कौतुक करताना या शेजाराची आठवण कुणी फारशी ठेवत नाही.

तथापि, लखोबा आकर्षक असला तरी गुंतागुंतीचा नव्हे. एकांतात तो कोण असतो, हा प्रश्न नाटक विचारीत नाही. अत्र्यांना त्याची आवश्यकताही नव्हती. त्यांचे लक्ष्य विवाहाच्या बाजारात पद, जात आणि पगार यांना भुलणाऱ्या समाजावर होते. त्याला अंतरंग नाही याबद्दल नाटकाला दोष देणे गैर ठरेल. मात्र त्याच्या लोकप्रियतेला सखोलतेचा पुरावा मानणेही तितकेच गैर आहे.

याच्या शेजारी गिरीश कार्नाडांच्या ‘तुघलक’मधील अझीज ठेवून पाहण्यासारखा आहे. मूळ कन्नड नाटक 1964 चे. विजय तेंडुलकरांच्या अनुवादातून ते मराठीत आले आणि 1971 मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने अरुण सरनाईक यांना घेऊन ते सादर केले. त्यात नेहरूयुगाच्या स्वप्नभंगाचे प्रतिबिंब पाहण्याचा प्रघात पडला आहे. तो वाजवी आहे. पण त्या रूपकाच्या नादात अझीज हा धोबी विनोदाची सोय म्हणून बाजूला पडतो. हा धोबी ब्राह्मणाचे सोंग घेऊन सुलतानाविरुद्धच दावा जिंकतो, खोटी तांब्याची नाणी पाडतो, दौलताबादच्या वाटेवर आजारी मुलाच्या आईकडे लाच मागतो आणि अखेर खलिफाच्या वंशजाचा खून करून त्याच्याच वेषात राजधानीत प्रवेश करतो. लखोबाप्रमाणे हाही बहुरूपीच. फरक असा की अझीजचे प्रत्येक सोंग सुलतानाच्या एखाद्या उदात्त घोषणेतून निघालेले आहे. न्याय सर्वांना समान, ही घोषणा झाली म्हणून ब्राह्मणाचे सोंग. नाणे तांब्याचे झाले म्हणून टांकसाळ. सत्य उघड झाल्यावर सुलतान त्याला देहदंड देत नाही, उलट दख्खनेत अधिकारपद देतो. आपले शब्द या राज्यात खऱ्या अर्थाने एकट्या या भामट्यालाच कळले, हे त्याला उमगलेले असते. खलपुरुषाचे आकर्षण येथे प्रेक्षकाला वाटण्याआधी नाटकातल्या नायकालाच वाटते, आणि मग प्रेक्षकाला आपल्या हसण्याचा हिशेब द्यावा लागतो.

कन्नड साहित्याला अशा प्रतिनायकाची सवय जुनी आहे. दहाव्या शतकात चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या रन्नाने ‘गदायुद्ध’ रचले तेव्हा नायकत्व भीमाकडे होते, कारण भीमाच्या रूपात त्याला आपल्या आश्रयदात्याचा, सत्याश्रयाचा गौरव करायचा होता. पण वाचकाच्या मनात उरतो तो रणभूमीवर प्रेतांमधून वाट काढणारा दुर्योधन. द्रोण, दुःशासन, कर्ण यांच्याजवळ तो थांबतो आणि शत्रुपक्षातील अभिमन्यूच्या शौर्यापुढेही त्याला मान लववावी लागते. हा काव्यगुण ओळखून बी. एम. श्रीकंठय्य यांनी रन्नाच्या काव्यातून शोकनाट्य सिद्ध केले. विशेष हे की रन्न दुर्योधनाची वकिली करीत नाही. द्रौपदीचा अपमान त्याने पुसलेला नाही. अपराध तसाच ठेवून तो अपराध्याचे मोठेपण दाखवतो.

मराठी कादंबरीने मात्र पुष्कळदा वकिलीचा मार्ग पत्करला. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’चे (1967) यश असामान्य आहे, आणि निरनिराळ्या पात्रांच्या निवेदनातून कर्ण उभा करण्याची त्यातील योजनाही विचारपूर्वक केलेली आहे. परंतु सूतपुत्र म्हणून झालेला प्रत्येक अपमान इतक्या आर्ततेने आळवला जातो की द्यूतसभेतील कर्णाचे वर्तन वाचकाला जवळजवळ समर्थनीय वाटू लागते. त्या सभेत द्रौपदीही अपमानितच होती. पण तिच्या वाट्याला निवेदन आलेले नाही. पुढच्या पौराणिक व ऐतिहासिक कादंबऱ्यांनी यातील सामर्थ्य न घेता सूत्र तेवढे घेतले: कलंकित पुरुष निवडावा, त्याच्या बालपणी एक जखम दाखवावी आणि वाचकाचे डोळे ओले करावेत. याला गुंतागुंत म्हणता येत नाही. जखम हे कारण असते. ते न्यायनिवाड्याची जागा घेऊ शकत नाही.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (1972) याच सूत्राला हात घातला आणि ते मोडले. पुण्यात चोर ठरवून हाकलला गेलेला कनोजी ब्राह्मण घाशीराम हा निःसंशय अन्यायग्रस्त आहे. सहानुभूतीची पुरेपूर सामग्री हाताशी असताना तेंडुलकर त्याला आपली मुलगी नानांच्या हवाली करायला लावतात. कोतवाली हाती येताच तो झालेल्या अपमानाची परतफेड शहरातल्या निरपराधांकडून वसूल करतो. शेवटी जमावाचे दगड त्याच्यावर पडतात तेव्हा समाधान वाटत नाही आणि निखळ करुणाही वाटत नाही, कारण त्याला घडवणारे नाना सुरक्षित आहेत आणि उत्सवाची आज्ञा देत आहेत. सुलतानाने अझीजला पद दिले, नानांनी घाशीरामला दिले. ‘तुघलक’मध्ये मात्र सत्ताधारी आपले प्रतिबिंब ओळखून खचतो, पुण्याचा कारभारी ते वापरून फेकून देतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ‘तुघलक’चा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचावा. इतिहासकार बरनी निरोप घेतो. इतके दिवस झोपेला पारखा झालेला सुलतान सिंहासनावरच डोळे मिटतो. अजान ऐकू येते, तो दचकून जागा होतो आणि आपण कोठे आहोत हे न कळल्यासारखा भोवती पाहू लागतो. त्या क्षणी सभागृहात टाळ्या वाजवायला कोणाचाही हात चटकन पुढे होत नाही.