हेवलेटचा बल्ब : एका परिपथाचे परीक्षण

नाटकाचे परीक्षण होते, कवितेचे होते, मग विद्युत परिपथाचे का होऊ नये? परिपथ काय साधतो, कशाच्या बळावर साधतो आणि कुठे कमी पडतो, हे प्रश्न त्यालाही विचारता येतात. विल्यम हेवलेट यांचा १९३९चा ऑसिलेटर अशा परीक्षणासाठी उत्तम आहे.

ऑसिलेटर म्हणजे ठरावीक वारंवारतेचा विद्युत तरंग निर्माण करणारा परिपथ. ध्वनिवर्धक तपासायचा तर त्याला शुद्ध साइन तरंग द्यावा लागतो. त्या तरंगातच दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे सूर मिसळलेले असतील, तर दोष वर्धकाचा की ऑसिलेटरचा हे कळणार नाही. या भेसळीला विरूपण म्हणतात.

परिपथाचा पाया म्हणजे माक्स वीन यांनी १८९१ मध्ये मांडलेला सेतू. त्यातील दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर वारंवारता ठरवतात. प्रत्येकी १० किलोओहम व ०.०१६ मायक्रोफॅरड घेतल्यास ती सुमारे १००० हर्ट्‌झ येते. या वारंवारतेला जाळ्यातून एक-तृतीयांश व्होल्टता परत येते, म्हणून वर्धकाने ती बरोबर तिप्पट करायला हवी. तिपटीहून किंचित कमी झाली, तर आंदोलने विझतात. किंचित जास्त झाली, तर ती वाढत जाऊन तरंगाचे माथे छाटले जातात. वहीत ३ हा आकडा लिहिणे सोपे आहे. परिपथात तो क्षणोक्षणी राखणार कोण?

हेवलेट यांनी हे काम एका लहानशा बल्बवर सोपवले. तरंग मोठा झाला की तार तापते, तिचा रोध वाढतो आणि वर्धन कमी होते. तरंग लहान झाला की उलट घडते. बेल प्रयोगशाळेतील मीचम यांनी १९३८ मध्येच आपल्या सेतू-ऑसिलेटरमध्ये बल्ब वापरला होता, त्यामुळे सगळे श्रेय हेवलेट यांना देता येत नाही. वीनचा सेतू आणि बल्ब यांची स्वस्त, सुटसुटीत जोडी जमवली, हे त्यांचे कर्तृत्व. त्यातूनच ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे पहिले उपकरण आले. त्याची सुधारित आवृत्ती वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने १९४०च्या ‘फँटेशिया’ चित्रपटाच्या कामासाठी घेतली. एकूण आठ नग.

आता उणीव पाहू. बल्बचे यश त्याच्या संथपणात आहे. मालवणच्या किनाऱ्यावर लाटा काही सेकंदांनी येतात, भरतीला सहा तास लागतात. तारेने भरती ओळखायची, पण प्रत्येक लाटेमागे धावायचे नाही. १००० हर्ट्‌झला हे जमते. २० हर्ट्‌झला मात्र लाटच इतकी संथ होते की तार तिच्याबरोबर तापू-निवू लागते. प्रत्येक आवर्तनात ती दोनदा तापते, म्हणजे तिचा रोध दुप्पट वारंवारतेने हलतो. हा हलता रोध मूळ प्रवाहाशी गुणला गेला की तिप्पट वारंवारतेचा सूर उमटतो. ज्या गुणाने तरंग सांभाळला, तोच गुण तो बिघडवतो.

इतर घटकही निर्दोष नसतात. छोटा रेझिस्टर तापला की बल्बचीच नक्कल करतो; म्हणून जास्त वॅटचा, मेटल फिल्मचा घ्यावा. कार्बन कॉम्पोझिशनच्या रेझिस्टरमधून प्रवाह वाहताना जादा खरखरही येते. बेरियम टायटनेटच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारकता व्होल्टतेबरोबर बदलते. पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर पुष्कळ प्रामाणिक. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बोर्डावर ओलसर क्षारांचा थर बसतो. तो मोठ्या रोधाला समांतर गळती निर्माण करतो, आणि गंजलेला सांधा तर सरळ रोधासारखा वागतही नाही.

वर्धक चांगला घेतला म्हणजे हे दोष झाकले जातील, असे वाटेल. पण वर्धक आपला तरंग याच घटकांशी ताडून दुरुस्त करत असतो. वजनेच खोटी असतील, तर तराजू कितीही नाजूक असून काय उपयोग? अमेरिकन अभियंता जिम विल्यम्स यांनी १९९० मध्ये बल्बऐवजी प्रकाशसंवेदी रोधक आणि संथ नियंत्रक वापरून विरूपण ०.०००३ टक्क्यापर्यंत खाली आणले. इतक्या शुद्धतेला पोचायचे तर प्रत्येक घटक पारखूनच घ्यावा लागतो.

म्हणूनच माझी तक्रार हेवलेट यांच्या परिपथाबद्दल नाही, तो शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. बहुतेक वेळा आपण फळ्यावर आकृती काढतो, वारंवारतेचे सूत्र सिद्ध करतो आणि थांबतो. बल्ब आकृतीत आणखी एक रोध होऊन बसतो. विद्यार्थ्याच्या मनात रेझिस्टर म्हणजे एक न बदलणारा आकडा, एवढेच राहते.

उपाय सोपा आहे. तारेचा जुना २३० व्होल्ट, ६० वॅटचा बल्ब मिळवा. पेटलेल्या अवस्थेतील त्याचा रोध मुलांना गणिताने काढू द्या. तो सुमारे ८८० ओहम येईल. मग होल्डरमधून काढलेल्या थंड बल्बचा रोध मल्टीमीटरने मोजायला सांगा. तो याच्या दशांशाहूनही कमी भरेल. ‘गणित चुकले की मीटर बिघडला?’ असे मुले विचारतील. दोन्ही बरोबर आहेत, हे त्यांनीच शोधून काढले की वीनच्या सेतूतला बल्ब निराळा समजावून सांगावा लागणार नाही.