घशाचा कर्करोग आणि पेशीमृत्यूचा बिघडलेला संकेत : एका अनुमानाची चिकित्सा

घशाच्या कर्करोगात पेशीचा नियोजित मृत्यू खुंटतो, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते सिद्ध करण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. विधान खोटे नाही. परंतु ज्या पुराव्यावर ते उभे केले जाते, तो पुष्कळदा अपुरा असतो.

केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये ‘ॲपॉप्टोसिस’ ही संज्ञा रूढ केली, ती पेशीच्या दृश्य रूपावरून. पेशी आकसते, तिचे तुकडे होतात व शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. मूळ संकल्पना अशा रीतीने एका घटनेची होती. पुढे घटनेऐवजी तिच्याशी संबद्ध अशा एखाद्या प्रथिनाची मोजदाद होऊ लागली, आणि तीच मृत्यूची मोजदाद मानली गेली.

पी-५३ या प्रथिनाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. निरोगी पेशीत ते तयार होताच नष्ट होत असल्याने रंजनात फारसे दिसत नाही. काही उत्परिवर्तनांत निकामी प्रथिन साचून गडद रंग दिसतो; इतर काहींत प्रथिन टिकतच नाही व रंगही उमटत नाही. दोन विरुद्ध चिन्हे एकाच बिघाडाची असू शकतात. शिवाय हे प्रथिन पेशीविभाजनही थोपविते. त्यामुळे त्याच्या बिघाडावरून मृत्यूच खुंटला, असे अनुमान काढता येत नाही.

याहून महत्त्वाचा भेद कारणाचा आहे. तंबाखू व मद्य यांच्याशी निगडित अर्बुदांत बहुधा जनुकच बिघडलेले असते. टॉन्सिल व जिव्हामूळ येथील विषाणुजन्य अर्बुदांत जनुक सहसा शाबूत असते. पण पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन पी-५३चा नाश घडविते, हे १९९० मध्ये दाखविले गेले. मस्तक व मान यांच्या २७९ अर्बुदांचा जनुकीय अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विषाणुरहित अर्बुदांपैकी ८४ टक्क्यांत हे जनुक बदललेले आढळले. विषाणुयुक्त ३६ पैकी केवळ एकात. या दोहोंची एकत्र काढलेली सरासरी कोणत्याच रोगाचे यथार्थ वर्णन करीत नाही.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. पेशीमृत्यूस अडविणाऱ्या प्रथिनांना निष्प्रभ करणारे झेव्हिनापँट हे औषध ९६ रुग्णांच्या चाचणीत आशादायक ठरले होते. त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत, विषाणुजन्य अर्बुदे वगळूनही, अपेक्षित लाभ दिसण्याची शक्यता उरली नाही व २०२४ मध्ये ती थांबविण्यात आली. एक अडसर दूर झाला म्हणजे सारा मार्ग मोकळा झाला, असे गृहीत धरता येत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

म्हणून अशा प्रबंधांकडून दोन किमान अपेक्षा ठेवणे रास्त होय. प्रत्येक अर्बुदातील विषाणूची स्थिती नमूद व्हावी. आणि उपचारापूर्वी व उपचारानंतर पेशी खरोखर मरतात किंवा कसे, हे सक्रिय कॅस्पेज-३सारख्या प्रत्यक्ष खुणांनी दाखवावे. त्याविना ‘संकेत बिघडला’ असे लिहिणे म्हणजे निरीक्षणाला निष्कर्षाचा मान देणे होय.