मथी आणि एक बिननावाचे मांजर

आमच्या घरी चौदा वर्षे राहिलेली मांजरी गेल्या ज्येष्ठात गेली. तिचे नाव मनी. मराठी घरांतल्या कितीतरी मांजरींचे असते तेच. हर्सूलला तलावाच्या अंगाला आमचे घर आहे. परसातल्या सीताफळाच्या बुंध्याशी तिला पुरले. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ दाराशी आले. ते समाचारालाच आले असे मला क्षणभर वाटले. त्यांना टँकरची वेळ विचारायची होती. मी वेळ सांगितली आणि दार लावून घेतले. सांगायचे म्हटले असते तरी कोणत्या शब्दांनी सांगणार होतो? पुस्तकांशी जन्म काढलेल्या माणसाला अशा वेळी कपाटाकडे जाण्यावाचून दुसरी वाट नसते.

कपाटाने प्रथम निराशाच केली. मांजर म्हटले की आपल्याला म्हणी आठवतात: डोळे मिटून दूध पिणारे, आडवे जाणारे, गळ्यात घंटा बांधायचे. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगाकाठी तप करणारे मांजर आहे, ते उंदीर खाण्यासाठी. ज्या प्राण्यांसाठी आपल्या परंपरेने डोळे पुसले, त्यांनी आधी काहीतरी करून दाखवलेले असते. पंचतंत्रातल्या मुंगसाने मूल वाचवले. युधिष्ठिराच्या मागून जाणारा कुत्रा तर धर्मच निघाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, तिच्याशीही धन्याला वाघापासून वाचवल्याची कथा जोडलेली आहे. मांजर कुणाला वाचवत नाही. ते मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे, असे जुने लोक सांगत. पण ती किंमत पापाची झाली, दुःखाची नव्हे.

मग ‘श्यामची आई’ हाती आली. हर्सूलचे नाव परगावी सांगितले की लोकांना आधी इथले कारागृह आठवते. कदाचित म्हणूनच हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले, ही गोष्ट माझ्या मनात नेहमी राहिली आहे. पुस्तकाच्या अखेरीस मथी नावाची मांजरी येते. ती आईची लाडकी. आई गेल्यावर ती अन्न सोडते आणि आईमागून जाते. तरुणपणी मी या प्रसंगावर नाक मुरडले होते. मला वाटे, साने गुरुजींना इथे मांजर नको आहे, आईच्या थोरवीला आणखी एक साक्षीदार हवा आहे. मथीसाठी कोण रडले? पुस्तक ते सांगायला थांबत नाही. ती मरते तीही दुसऱ्याच्या दुःखाने.

हा आक्षेप घेऊनच मी जपानच्या नात्सुमे सोसेकीकडे वळलो. ‘मी मांजर आहे’ या त्याच्या कादंबरीने (१९०५-०६) त्याला कीर्ती दिली. ती ज्याच्यावरून सुचली ते घरचे मांजर १९०८ साली मेले. सोसेकीने स्नेह्यांना त्याच्या निधनाची पत्रे धाडली. पुढच्या वर्षी त्याने ‘मांजराची कबर’ हा छोटा लेख लिहिला. मी इंग्रजीतून वाचला. तीन-चार पानांचा असेल. त्यात विलाप नाही. मांजर खंगत जाते, ओकते, त्याच्या डोळ्यांतले तेज जाते. घरातले पाहतात आणि आपापल्या कामाला लागतात. मेल्यावर मात्र एकदम धावपळ. सोसेकी खुणेच्या फळीवर चार अक्षरे लिहितो, मुली फुले आणि पाणी ठेवतात. धाकटी संध्याकाळी येते आणि ते पाणी खेळण्यातल्या पळीने स्वतःच पिते. पुढे पुण्यतिथीला पत्नी माशाचा तुकडा आणि भात ठेवते. पण अलीकडे तो कबरीपर्यंत जात नाही, घरातल्या कपाटावरच राहतो. या मांजराला शेवटपर्यंत नाव नव्हते.

इतका निष्ठुर आणि इतका प्रामाणिक मृत्युलेख मी दुसरा वाचलेला नाही. लेखक स्वतःला शिक्षा करीत नाही, की क्षमाही मागत नाही. घरात जे घडले ते क्रमाने मांडतो. वाचकाची सुटका नाही, ती त्या क्रमातूनच.

माझी तरी झाली नाही. मनी हिवाळ्यापासून फार पाणी पीत होती. मोरीतल्या बादलीत डोके घाली, आणि आम्ही हसत होतो. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडे थकली की तहान वाढते, वजन उतरते, आणि मांजर आपले दुखणे लपवते, हे मला वैशाखात कळले. तोवर तिच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले होते. आधी कळते तर ती जगली असती असे नाही. पण ते महिने तिचे थोडे सुखाचे गेले असते. सोसेकीच्या घरातली ती बेपर्वाई माझ्याच घरातली होती.

या वाचनाने माझे जुने मत बदलले. मथीचा प्रसंग आता मला अलंकार वाटत नाही. सोसेकीच्या लेखात माणसाला मांजराचे आजारपण दिसत नाही. साने गुरुजींच्या पुस्तकात माणूस गेल्याचे मांजराला कळते आणि ती पानावरून उठते. दोन्ही लेखक एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत: घरातल्या दुसऱ्या जिवाकडे लक्ष असणे. सोसेकी त्याचा अभाव दाखवतो, गुरुजी त्याची परिसीमा. मथी साक्षीदार आहे खरी, पण तिची साक्ष आईपेक्षा आपल्याविषयी जास्त आहे.

तरी आक्षेपाचा एक अंश उरतोच. गुरुजींनी मथीला नाव दिले, पण तिच्यामागे कुणी बसले नाही. सोसेकीच्या मांजराला नाव नाही, पण कबर आहे. मराठीत या दोहोंना एकत्र आणणारे पान मला अजून भेटायचे आहे. ते लिहिणाऱ्याने मांजराकडून काही पराक्रम करवून घेऊ नये. ते होते, आणि आता नाही, एवढे पुरे.

सीताफळाखाली मी रोज पाण्याची वाटी भरून ठेवतो. चार दिवसांपूर्वी पत्नीने ती उचलून मोरीपाशी आणून ठेवली. म्हणाली, तिकडे जायला वाकावे लागते. मी काही बोललो नाही. सोसेकीचे कपाट मला आठवले.