नीतिशास्त्रात प्रवेश कोणत्या दारातून?

आमच्या पुसदमध्ये कॅथलिक कुटुंबे मोजकीच आहेत. रविवारच्या मिस्सेनंतर चहा होईपर्यंत तासभर बसून काही वाचावे, वाचलेले एकमेकांना सांगावे, असा एक साधा प्रघात आम्ही काहीजणांनी ठेवला आहे. त्या बैठकीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने एकदा विचारले, "सर, नीतिशास्त्राची तोंडओळख करून देणारे मराठी पुस्तक सांगा ना. इंग्रजी पुस्तकांत पहिल्याच पानावर रुळांवरून सुटलेली ट्रॉली येते. पाचजण वाचवायचे की एक, एवढेच विचारतात." ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची नुसती वाट पाहिली, तेथे हा प्रश्न सगळ्यांना हसवून गेला. हसणे ओसरल्यावर मात्र माझ्या ध्यानात आले की, त्या मुलीला द्यावयाचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. त्या उत्तराच्या शोधात जुने ग्रंथ पुन्हा चाळले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब होय.

मराठीत या शास्त्राचा पाया दोन तुरुंगवासी लेखकांनी घातला, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. वामन मल्हार जोशी यांनाही त्याच सुमारास कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकातील एका लेखापायी तीन वर्षांचा कारावास भोगावा लागला. त्यांचा 'नीतिशास्त्रप्रवेश' १९१९ सालचा. भल्याबुऱ्याचा विचार करणाऱ्याला आधी सरकारने बुरा ठरवावे, यात काही संगती असेलही.

'गीतारहस्य' हा गीतेवरील ग्रंथ म्हणून आपल्या घरांत सहसा शिरला नाही. ही उणीव आपली आहे. गीतेचे तात्पर्य काय, हा वाद बाजूस ठेवला तरी त्यातील आरंभीची प्रकरणे म्हणजे तौलनिक नीतिशास्त्राचे मराठीतील पहिले भरदार विवेचन आहे. 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात टिळक एकदम सिद्धांत मांडीत नाहीत. माणूस कोठे अडतो, ते आधी दाखवितात. अर्जुनाबरोबर शेक्सपियरचे हॅम्लेट आणि कोरिओलेनस येतात. मग अहिंसा, सत्य, अस्तेय या एकेका नियमाला अपवाद कोठे पडतो, याची छाननी होते. दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरून कुत्र्याचे मांस चोरावयास निघतो, ही महाभारतातील कथा घेऊन टिळक तिच्याशेजारी हॉब्ज आणि मिल्ल यांना आणून बसवितात.

येथे कॅथलिक वाचकाने थबकावे. हाच प्रश्न तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी घेतला होता आणि टिळकांच्या इंग्रज साक्षीदारांहून स्पष्ट उत्तर दिले होते. गरज पराकोटीची आणि उघड असेल, दुसरा उपाय नसेल, तर दुसऱ्याच्या मालकीचे उचलणे ही मुळात चोरीच नव्हे; कारण सृष्टीतील वस्तू सर्वांच्या गरजेसाठी आहेत आणि मालकीची व्यवस्था त्या हेतूच्या खालची आहे. मिल्लच्या मांडणीत नियमाला अपवाद होतो. थॉमस यांच्या मांडणीत मालकीचीच व्याख्या बदलते. टिळकांच्या ग्रंथशाळेत कांट होता, स्पेन्सर होता, ग्रीन होता. ही मध्ययुगीन परंपरा मात्र त्यांच्या विवेचनात उतरली नाही.

तिचा तोटा सहाव्या प्रकरणात अधिक जाणवतो. सदसद्विवेक ही अंतःकरणातील एक स्वतंत्र देवता असून बरेवाईट तीच सांगते, या मताला टिळक 'आधिदैवत पक्ष' म्हणतात आणि पाश्चात्त्य देशांत तो ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी पुढे आणल्याचे सांगतात. त्यांचा आक्षेप असा की, निर्णय क्षणार्धात झाला म्हणून तो वेगळ्या देवतेचा ठरत नाही. सरावलेली बुद्धीच तो तत्काळ करते. शिवाय ही मनोदेवता सर्व माणसांत एकसारखे बोलत नाही. आक्षेप बिनतोड आहे. फक्त तो जेथे लागावा असे टिळकांना वाटते, तेथे पूर्ण लागत नाही. कारण अक्वायनस यांचेही म्हणणे हेच आहे की, सदसद्विवेक ही निराळी शक्ती नव्हे. आपले ज्ञान एखाद्या कृत्याला लावून पाहण्याची ती बुद्धीची क्रिया आहे. म्हणूनच ती चुकू शकते आणि म्हणूनच तिला वळण लावावे लागते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्रॉटेस्टंट नीतिवाद्यांशी टिळकांनी केलेला हा वाद आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात वाचला, तर 'आतला आवाज' हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, ते मुलांना कळेल.

वामनरावांचे पुस्तक स्वभावाने वेगळे. टिळकांचा आवाज न्यायालयातील वकिलाचा. जोशींचा आवाज वर्गातील शिक्षकाचा. हिंगण्याच्या महिला विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकविले आणि ते वळण त्यांच्या लेखनाला लागले आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे ते इतक्या सौजन्याने मांडतात की, कधी कधी लेखक स्वतः कोणत्या बाजूचा, हे शोधावे लागते. पाठ्यपुस्तक म्हणून हा गुण. ग्रंथ म्हणून मला तो थोडा दुबळेपणा वाटतो. त्यांचे खरे नीतिशास्त्र त्यांच्या कादंबऱ्यांत आहे. 'सुशीलेचा देव' (१९३०) मध्ये एका स्त्रीची देवाविषयीची कल्पना तिच्या आयुष्याबरोबर कशी बदलत जाते, ते दिसते. पत्रांतून रचलेल्या 'इंदू काळे व सरला भोळे' मध्ये कला आणि नीती यांचा वाद चालतो, पण तो वाद करणाऱ्यांना घर आहे, लाज आहे, प्रेम आहे. पुस्तकात जो प्रश्न कोरडा राहिला, तो तेथे ओलावला.

इतके वाचून मी पुढच्या रविवारी या दोन नावांची शिफारस करणार होतो. परंतु हे वाचन चालू असताना एक गोष्ट सतत टोचत राहिली. या दोन्ही ग्रंथांत पेचात सापडलेला माणूस सहसा मोकळा असतो. अर्जुनाजवळ रथ आहे, सारथी आहे, युद्ध थांबवून विचार करण्याइतका अवकाश आहे. विश्वामित्र भुकेला असला तरी तो ऋषी आहे; त्याचे चुकले-बरोबर ठरविण्यास शास्त्र हात जोडून उभे आहे. आमच्या तालुक्यातल्या माणसाचा पेच अशा जातीचा नसतो.

पुसदला लागून असलेल्या महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ दत्तपूर येथे पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. थकलेले वीजबिल आणि डोळ्यांदेखत वाळलेले पीक यांचा उल्लेख त्या घटनेच्या हकिकतींत येतो. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांची मोजणी पुष्कळजण या घटनेपासून करतात आणि अलीकडच्या वर्षांत १९ मार्चला अन्नत्याग करून तिचे स्मरण होते. त्यानंतरच्या दशकांत यवतमाळ हे नाव देशभर कोणत्या कारणाने घेतले जाऊ लागले, ते येथे सांगण्याची गरज नाही.

त्याच पवनारला १५ नोव्हेंबर १९८२ रोजी आचार्य विनोबा भावे यांनी अन्न, पाणी, औषध सोडून देह ठेवला होता. त्या मृत्यूपुढे देशाने मस्तक नमविले. साडेतीन वर्षांनी त्याच परिसरात झालेल्या मृत्यूंपुढे आपण मान खाली घातली. दोन्हीत काय फरक आहे, असे कोणी विचारले तर 'उघडच आहे' एवढे म्हणून भागत नाही. एकाने आयुष्य पूर्ण झाल्याची जाणीव ठेवून निवड केली. दुसऱ्यापुढे निवड उरलीच नव्हती, असे म्हणावे काय? तसे म्हटले तर त्याच्या कृत्याला नैतिक कृत्य म्हणता येत नाही आणि त्याला दोषही देता येत नाही. आणि ती चार लेकरे? 'सामूहिक आत्महत्या' हा वर्तमानपत्री शब्द त्यांना सोयीस्करपणे गिळून टाकतो. लेकरांनी काही ठरविलेले नव्हते. बापाविषयी कितीही कणव असली, तरी हे वाक्य खोडता येत नाही. आणि हे वाक्य लिहिल्याने बापाविषयीची कणव कमीही होत नाही. नीतिशास्त्राच्या कोणत्याही प्रवेशग्रंथाने या दोन्ही गोष्टी एकत्र धरावयास शिकविले पाहिजे. माझ्या हातातील दोन्ही पुस्तके तेथे गप्प होती.

आपली परंपरा येथे काय सांगते? कृत्य, हेतू आणि परिस्थिती या तिन्हींनी मिळून कृतीचे नैतिक मूल्य ठरते, हे आपण लहानपणी पाठ केलेले असते. कृत्य वाईट ठरले म्हणून करणाऱ्याचा दोष तेवढाच मोठा ठरत नाही. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये आत्महत्येला गंभीर अपराध म्हटले आहेच. त्याबरोबर तीव्र मानसिक व्यथा, यातना आणि हालअपेष्टांचे भय यांनी माणसाची जबाबदारी उणावते, अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, देव त्याला ठाऊक असलेल्या मार्गांनी पश्चात्तापाची वाट देऊ शकतो, असेही म्हटले आहे. वाचताना हे शब्द मृदू वाटतात. त्यांच्यामागे फार कठोर इतिहास आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गळली. त्या दोन संहितांच्या मधल्या काळात मी लहान होतो. दुसऱ्या एका गावी, कुंपणाबाहेर, बाभळीखाली एका ओळखीच्या माणसाला ठेवलेले मी पाहिले आहे. त्याची आई दर सणाला कबरस्तानाच्या फाटकातून आत न जाता कुंपणाच्या कडेने चालत जाई. सिद्धांताची ओळ पुसली गेली, पण ती पायवाट काही पुसली गेली नव्हती. तेव्हा टिळकांना अक्वायनस सापडले नाहीत म्हणून आपण फार ऐट मिरवू नये. आपल्याला ते सापडलेले असून आपण त्या बाईला आत घेतले नाही.

आणि तरीही प्रश्न अर्धाच सुटतो. करणाऱ्याचा दोष उणा झाला, तर उणा झालेला भाग गेला कोठे? तो हवेत विरतो काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या अखेरीस काढलेल्या सामाजिक परिपत्रकात 'पापाच्या संरचना' हा शब्दप्रयोग केला आणि या संरचनांचे मूळ शेवटी व्यक्तींच्या कृत्यांत असते, असे बजावले. नफ्याचा आणि सत्तेचा हव्यास तेथे नावानिशी आला आहे. चिलगव्हाणची घटना त्याआधी पावणेदोन वर्षांची. रोमला अर्थातच चिलगव्हाण ठाऊक नव्हते. पण कापसाचा भाव, सावकाराचे व्याज, बियाण्याची उधारी आणि तोडलेली वीज यांना नैतिक भाषेत काय म्हणावे, यासाठी तो शब्द मला उपयोगी पडला.

मग ध्यानात आले की, हा शब्द नसताना ही गोष्ट मराठीत शतकापूर्वीच लिहून झालेली आहे. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्याला कोणी नीतिशास्त्राचा ग्रंथ म्हणत नाही. ग्रंथालयात तो समाजसुधारणेच्या कपाटात असतो. पण शेतकरी कर्जात कसा उतरत गेला, भटशाहीने काय घेतले, सरकारी कामगारांनी काय घेतले, सारा किती वाढला, गोऱ्या अधिकाऱ्याच्या कानावर काय गेलेच नाही, याची साखळी जोतीराव कडीकडीने दाखवितात. गांजलेला शेतकरी त्या पुस्तकात स्वतः बोलतो. जोतीरावांची भाषा रांगडी आहे, अतिशयोक्ती जागोजाग आहे, काही ठिकाणी तर्कापेक्षा संताप पुढे धावतो. समीक्षक म्हणून हे मी झाकणार नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या दोषांनाही ते सोडीत नाहीत, हे मात्र त्यांचे भक्त सहसा सांगत नाहीत. टिळक विचारतात, 'मी काय करावे?' जोशी विचारतात, 'असे का करावे?' जोतीराव विचारतात, 'याची ही गत कोणी केली?' नीतिशास्त्राच्या क्रमात हा तिसरा प्रश्न शेवटी येतो, अशी आपली समजूत. आमच्या भागातल्या वाचकाने तो पहिल्यांदा घ्यावा, असे मला वाटू लागले आहे. नंतर 'कर्मजिज्ञासा', आणि मग वामनरावांची एखादी कादंबरी. 'नीतिशास्त्रप्रवेश' अगदी शेवटी, परिभाषेची गाठ सोडविण्यापुरता.

क्रम असा उलटा लावल्यास एक धोका आहे. सगळा दोष व्यवस्थेवर टाकून माणूस मोकळा होतो आणि त्या चार लेकरांविषयी बोलण्यास आपल्याजवळ शब्द उरत नाही. बैठकीतल्या एका वयस्क गृहस्थांनी, ज्यांची स्वतःची कोरडवाहू शेती आहे, हा आक्षेप मी मांडण्याआधीच मांडला. ते म्हणाले, "कर्ज मलाही आहे. व्यवस्थेनं केलं म्हणता, तर मग मी जे केलं नाही, ते कोणी केलं?" मला उत्तर सुचले नाही. अक्वायनस यांनाही एकदम सुचले असते, असे वाटत नाही.

त्या मुलीने 'असूड' नेला आहे. परत करताना तिने पानांच्या कडेला पेन्सिलीने काही लिहिलेले असले, तरी चालेल, असे मी तिला सांगून ठेवले आहे.