गोव्यातील नागरी संहिता आणि विधिसंशोधनाची रीत

गोव्याच्या कौटुंबिक कायद्यावरील शोधनिबंधांत अलीकडे एक ठरावीक मांडणी आढळते. प्रारंभी समान नागरी कायद्याचा गौरव, मध्ये न्यायनिर्णयांचे उतारे आणि अखेरीस इतर राज्यांनी गोव्याचे अनुकरण करावे अशी शिफारस. ज्या संहितेविषयी हे सारे लिहिले जाते, तिचे कलम मात्र क्वचितच उद्धृत होते. हा दोष केवळ आळसाचा नाही, तो पद्धतीचा आहे.

आपले विधिशिक्षण इंग्रजी परंपरेतले असल्यामुळे प्रश्न समोर येताच अभ्यासक निवाडा शोधू लागतो. संहिताप्रधान परंपरेत क्रम उलटा असतो. तेथे प्रथम कलम, मग त्याचे संहितेतील स्थान, त्यानंतर भाष्यकारांचे मत आणि शेवटी निवाडे. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेचे कलम १६ तर असे सांगते की, शब्दाने, आशयाने वा सदृश तरतुदीने प्रश्न सुटत नसेल तर नैसर्गिक कायद्याच्या तत्त्वांचा आधार घ्यावा. पूर्वनिर्णयाचा तेथे उल्लेखही नाही.

तथापि गोव्याला लिस्बनची पद्धत जशीच्या तशी लावणेही चुकीचे ठरेल. १९६२ च्या प्रशासन अधिनियमाच्या कलम ५ अन्वये हा कायदा चालू राहिला. म्हणजे त्याचे बळ भारतीय संसदेचे आहे. होझे पावलो कुतिन्हो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आणि गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारसाहक्कालाही तो लागू ठरवला. असा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार बंधनकारक असतो. संहितेचा मजकूर आणि बंधनकारक पूर्वनिर्णय या दोहोंचे एकत्र वाचन हे गोव्याच्या अभ्यासकाचे खरे काम होय.

मजकूर कोणता, हा प्रश्नही सोपा नाही. मूळ संहितेत सक्तीच्या वारसांसाठी राखलेला हिस्सा दोन तृतीयांश होता. १९१० मध्ये तो निम्म्यावर आला. जुनी प्रत हाती आलेला अभ्यासक येथेच फसेल. पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली. ती १९६७ पासून तेथे अमलात आली, पण गोव्याला लागू नाही. त्यामुळे नंतरची पोर्तुगीज भाष्ये जपून वापरावी लागतात. कुन्हा गोन्साल्व्हिस या गोव्यातच जन्मलेल्या भाष्यकाराचा बहुखंडी ग्रंथ जुन्या संहितेवरचा आहे, म्हणून आजही उपयुक्त. पुढे गोव्याच्या २०१२ च्या अधिनियमाने वारसाविषयक तरतुदींची जागा घेतली. तो २०१६ मध्ये अमलात आला. वारसा मृत्यूच्या क्षणी खुला होतो, म्हणून मृत्यूची तारीख पाहिल्याशिवाय कोणता मजकूर वाचायचा हे ठरत नाही.

या दुर्लक्षाची किंमत कोणाला मोजावी लागते? ‘पत्नीला अर्धा वारसा मिळतो’ हे वाक्य अनेक निबंधांत दिसते. ते चूक आहे. वेगळा करार नसल्यास विवाहाने संपत्ती सामायिक होते आणि निम्मा भाग पत्नीचा स्वतःचाच असतो. तो पतीकडून वारशाने येत नाही. पतीला मृत्युपत्राने देता येतो तो उरलेल्या निम्म्याचा, आणि मुले असल्यास त्यातीलही निम्माच, म्हणजे एकूण संपत्तीचा चतुर्थांश. घराच्या वाटणीला बसलेल्या विधवेस हा अर्धांश आणि वारसा यांतील भेद शब्दच्छल वाटणार नाही. वारसा म्हणून मागितलेला हक्क मृत्युपत्राने कमी होऊ शकतो. स्वतःच्या मालकीचा भाग होत नाही.

२०१८ मध्ये राज्य शासनाने संहितेचे इंग्रजी भाषांतर राजपत्रात प्रसिद्ध केले, ही मोठी सोय झाली. परंतु भाषांतर हे मुळाकडे जाण्याची पायरी आहे, मुळाचा पर्याय नव्हे. समानतेच्या गौरवालाही हाच निकष लावावा. हिंदूंच्या रूढी व चालीरीतींविषयीचा १८८० चा हुकूमनामा, ज्यात ठरावीक परिस्थितीत हिंदू पुरुषास दुसऱ्या विवाहाची मुभा आहे, तो संहितेच्या मुख्य मजकुरात सापडत नाही. तो स्वतंत्रपणे शोधावा लागतो. आणि शिफारस करणाऱ्या निबंधांपैकी फारच थोड्यांनी तो शोधलेला दिसतो.