गिटारीचें नांव आणि घोडीचा तोल

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत गिटारीची चर्चा कशास, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यांस आम्ही पेटीच्या वादाची आठवण करून देतों. पेटीवर मींड निघत नाहीं, तिचे स्वर एकदां ठरले ते ठरले, या आक्षेपावरून नभोवाणीनें 1940 सालीं तिला बाहेर काढलें आणि 1971 पर्यंत पुन्हा आंत येऊं दिलें नाहीं. रवीन्द्रनाथांसारखा कवि त्या वेळीं पेटीच्या विरुद्ध उभा राहिला होता. वाद्य कोणतें पत्करावें हा प्रश्न केवळ गवयांचा नसून रुचीचा आहे, आणि रुचीचा प्रश्न आला कीं टीकाकाराचा संबंध आलाच. आज आमच्या मध्यम स्थितींतील घरांतून विजेची गिटार शिरली आहे. पेटीचे स्वर वाकत नाहींत म्हणून ज्यांनीं नाकें मुरडलीं, त्यांच्याच पणतवंडांच्या हातीं असें वाद्य आलें आहे कीं, त्याची एक सळई दाबली असतां सहाही तारांचे स्वर एकसमयावच्छेदेंकरून वाकतात. या यंत्राकडे मात्र टीकाकारांचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

प्रथम शौकिनांच्या हौसेविषयीं. जालन्याच्या एखाद्या महाविद्यालयीन तरुणास, तुला कोणती गिटार हवी, असें विचारून पाहावें. उत्तरांत चारपांच नांवें यावयाचींच: फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, गिब्सनची लेस पॉल, फेंडरचीच टेलिकास्टर, जपानी आयबानेझची आर-जी, आणि पैशाचा विचार अजीबात सोडून दिला तर पॉल रीड स्मिथ. यांतील टेलिकास्टर 1951 ची, लेस पॉल 1952 ची, स्ट्रॅटोकास्टर 1954 ची. आर-जी तेवढी अलीकडची, म्हणजे 1987 ची. सत्तर वर्षांपूर्वींचे नमुने आजच्या विशींतल्या तरुणास वेड लावतात, ही गोष्ट त्या नमुन्यांच्या घडणीस भूषणास्पद आहे यांत संशय नाहीं. पण त्याच तरुणास पुढें विचारावें कीं, यांतील कोणत्या गिटारीची घोडी हलते आणि कोणत्या गिटारीची स्थिर असते? तो बहुधा रंग सांगूं लागतो: मध्यें पिंवळा, कडेला जातां जातां काळा. टेलिकास्टर आणि लेस पॉल यांची घोडी मूळची स्थिर. स्ट्रॅटोकास्टर आणि बहुतेक आर-जी यांची हलती. वाद्य हातांत घेतल्यावर पहिल्या आठवड्यांत जो अनुभव यावयाचा, तो रंगापेक्षां या भेदावर शतपटीनें अधिक अवलंबून असतो.

नांवांचा हा मोह वाद्यापेक्षां वादकाच्या कीर्तींतून उत्पन्न होतो. पिंक फ्लॉइड या इंग्रजी वाद्यवृंदाचे डेव्हिड गिल्मूर यांनीं 1970 सालीं न्यूयॉर्कमध्यें एक काळी स्ट्रॅटोकास्टर विकत घेतली. 2019 च्या जूनमध्यें तिचा लिलांव झाला तेव्हां तिला सुमारें 40 लक्ष डॉलर आले. त्या गिटारीचा इतिहास पाहावा तर मालकानें तिची मान अनेकदां बदलली, पिकअप बदलले, मध्यंतरीं घोडीचीही अदलाबदल केली. म्हणजे जें वाद्य जगांत सर्वांत हेव्याचें ठरलें, तें त्याच्या धन्यानें देव्हाऱ्यांत ठेवलें नव्हतें. सुतार आपला रंधा जसा लावून घेतो तसें तो तें सारखें लावून घेत होता. शौकिनांनीं यांतून काय उचललें? 2008 सालीं त्या गिटारीच्या प्रतिकृति विक्रीस निघाल्या, आणि त्यांतील कांहींवर मूळ गिटारीची झीज व ओरखडे मुद्दाम उतरविलेले होते. दुसऱ्याच्या चाळीस वर्षांच्या मेहनतीचे ओरखडे विकत घेण्याची ही तऱ्हा आम्हांस तरी हास्यास्पद वाटते.

जालन्याच्या लोकांस हें समजण्यास अडचण पडूं नये. संकरित बियाण्यांच्या धंद्यानें या गांवाचें नांव देशभर झालें; बद्रीनारायण बारवाले यांनीं महिकोची स्थापना येथें 1964 सालीं केली. येथील शेतकरी पिशवीवरचें नांव पारखून बियाणें घेतो खरा, पण वापसा आल्याशिवाय पेरीत नाहीं. गिटारीचा वापसा म्हणजे तिच्या घोडीची जुळणी.

घोडी हा शब्द आम्ही सतार-तंबोऱ्यावरून घेत आहों, व तो येथें अगदीं चपखल बसतो. स्ट्रॅटोकास्टरची घोडी लिओ फेंडर या गृहस्थाच्या कारखान्यांत तयार झाली. हा मनुष्य मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. 1954 सालीं त्यानें या घोडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला आणि तें 1956 सालीं मिळालें. रचना अशी: घोडीची धातूची पट्टी पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर बिजागरीसारखी टेकलेली असते. तिच्या खालीं एक जड ठोकळा गिटारीच्या अंगांतून आरपार उतरतो व तारा त्याच ठोकळ्यांतून वर येतात. पाठीमागच्या पोकळींत तीन ते पांच स्प्रिंगा त्या ठोकळ्यास मानेच्या बाजूस ओढून धरतात. स्प्रिंगांचें दुसरें टोंक एका पंजांत अडकविलेलें असून तो पंजा दोन लांब स्क्रूंनीं लांकडांत घट्ट केलेला असतो. वर सहा तारांचा ताण सुमारें 40 किलोंचा, खालीं स्प्रिंगांचा तेवढाच. या दोहोंच्या मध्यें घोडी तराजूच्या दांडीसारखी तोलून राहते. घोडींत बसविलेली वांकडी सळई खालीं दाबली कीं तारा सैल पडून स्वर उतरतो, सोडली कीं स्प्रिंगा त्यास जागेवर आणतात.

या युक्तीस फेंडर यांनीं ट्रेमोलो असें नांव दिलें, आणि तें चुकीचें आहे. पाश्चात्य संगीतांत ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचा कंप. स्वर खालींवर होण्यास व्हायब्राटो म्हणतात. गंमत अशी कीं, याच फेंडर यांनीं आपल्या ॲम्प्लिफायरवर आवाज लहानमोठा करणारी जी कळ बसविली तिला व्हायब्राटो हें नांव देऊन हिशेब पुरता उलटा केला. सत्तर वर्षें सारें जग तीच चूक गिरवीत आहे. आमच्या संगीतांत आंदोलन, गमक, मींड, घसीट असे बारकाईचे शब्द असतां आम्हींही तीच गिरवावी याचें नवल वाटतें.

आतां मुख्य प्रश्न. या सळईनें संगीतांत भर काय पडली? मींड एका स्वरावरून निघते ती कोठें जावयाचें हें ठरवून निघते. वाटेंतली प्रत्येक श्रुति तिला ठाऊक असते. सळईचें आंदोलन बहुतेक वादकांच्या हातीं जेथून निघालें तेथेंच परत येतें, त्याला पोंचावयाचें असें ठिकाण नसतें. शिवाय सळई दाबली असतां सहाही तारा सारख्या प्रमाणांत उतरत नाहींत. जाड तार एका अंतरानें, बारीक दुसऱ्या. म्हणून स्वरसमूह वाजत असतांना सळई खोल दाबली तर त्याचे आंतले संबंध विसकटतात. हलका कंप द्यावयाचा असेल तर हें खपून जातें, किंबहुना गोड लागतें. जिमी हेंड्रिक्स यांनीं 1969 च्या ऑगस्टांत वुडस्टॉक येथें अमेरिकेचें राष्ट्रगीत वाजविलें त्यांत हा विसकटलेपणाच त्यांना हवा होता, आणि म्हणून तेथें तो दोष राहिला नाहीं. याच्या उलट एरिक क्लॅप्टन यांनीं लांकडाचा तुकडा बसवून आपल्या गिटारीची घोडी पक्की करून टाकली. त्यांचे स्वर वांकतात ते बोटानें तार ओढून. सळईनें खरोखर गाणारा वादक आमच्या मतें एकच, जेफ बेक. त्यांच्या 1989 च्या ‘व्हेअर वेअर यू’ या रचनेंत चालीचे स्वरच मुळीं सळईनें शोधलेले आहेत, आणि ती ऐकतांना आमच्याकडील श्रोत्याच्या तोंडून मींड हाच शब्द निघेल. एक वादक असें करूं शकला म्हणून प्रत्येकाच्या घरीं हलती घोडी असावी हें अनुमान मात्र बरोबर नाहीं.

आमच्या कानांनीं गिटारीची मींड निराळ्या वाटेनें पूर्वींच मिळविली होती. मूळचे लखनौचे व्हॅन शिप्ली मुंबईस राहून विजेच्या हवाईयन गिटारीवर चित्रपटगीतें वाजवीत. पुढें ब्रिजभूषण काब्रा यांनीं गिटार आडवी घेऊन तीवर राग वाजविले, आणि 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेनें त्यांचें वादन घराघरांत नेलें. तेथें तारेवरून पोलादाचा तुकडा सरकतो आणि कान सांगेल तेथें थांबतो. स्प्रिंगेचा संबंध नाहीं.

हा सारा वाद विद्वत्तेचा म्हणून सोडून देतां आला असता. पण यांत एका कोवळ्या गोष्टीची हानि होते, ती आम्हांस बोलावयास लावते. स्वस्त गिटारींपैकीं पुष्कळशा स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या, म्हणून हलत्या घोडीच्या असतात. वडील काटकसर करून मुलास किंवा मुलीस अशी एक गिटार घेऊन देतात. ती खोक्यांतून निघते तेव्हां घोडीचा तोल कोणी पाहिलेला नसतो. मूल पहिली तार लावतें. ती चढली कीं घोडी किंचित् उचलते आणि लावून झालेल्या बाकीच्या तारा उतरतात. मग त्या चढवावयाच्या, तों पहिली उतरलेली. एक तार तुटली तर स्प्रिंगांची सरशी होऊन उरलेल्या पांचही चढतात. दोन महिने हा खेळ चालतो आणि शेवटीं मुलाची समजूत होते कीं, आपल्याला कानच नाहीं. घरांतलीं वडील माणसेंही तेंच म्हणूं लागतात. कान चांगला होता म्हणूनच त्यास तें बेसूर कळत होतें, हें सांगणारा जवळ कोणी नसतो.

सतारीच्या बाबतींत असा मनुष्य आमच्याकडे होता व आहे. मिरजेस फरीदसाहेब शिकलगार यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हत्यारें घडविण्याचा वडिलार्जित धंदा असतां, सतारीचें काम हातीं घेतलें, आणि त्यांच्या परंपरेंत घोडीची जवारी काढणाऱ्यास मान आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास 2024 सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. जाणता गवई तंबोरा कोठला हें विचारील, पण त्याबरोबर जवारी कोणीं काढली हेंही विचारील. गिटारीच्या शौकिनांत हा दुसरा प्रश्न क्वचितच निघतो.

तोपर्यंत हें काम ज्याचें त्यानेंच करणें भाग आहे, आणि तें अवघड नाहीं. तारा एका जाडीच्या ठरवाव्या व बदलतांना एकेक करून बदलाव्या. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी मागें कोलमडते. पाठीमागचें झांकण काढून ठेवावें. मग सहाही तारा लावाव्या व घोडीच्या मागच्या कडेखालीं किती फट राहते तें बाजूनें पाहावें. फेंडरच्या शिफारशीप्रमाणें ही फट सुमारें 3 मिलीमीटर असावी. जास्त असेल तर पंजाचे दोन्ही स्क्रू सारखे अर्धाअर्धा फेरा आवळावे, घोडी अंगास चिकटलीच असेल तर तसेच सैल करावे. आणि आतां धीर धरावयाचा: स्क्रू फिरविला कीं सर्व तारा पुन्हां लावावयाच्या, पुन्हां फट पाहावयाची. चारपांच फेऱ्यांत घोडी स्थिरावते. त्यानंतर तारांची उंची, व तिच्यानंतर बाराव्या पडद्याची परीक्षा. तेथें तारेस नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर एक असले पाहिजेत. दाबलेला चढा निघाला तर त्या तारेचा टेकू मागें सरकवावा, उतरता निघाला तर पुढें. खुंट्यांजवळच्या आडव्या पट्टीच्या खांचांतून पेन्सिलीचें शिसें फिरवावें. सळई सोडल्यावर तार जागेवर येत नाहीं याचें कारण पुष्कळदां तेथेंच अडकलेलें असतें.

मराठवाड्याच्या हवेची गोष्ट निराळी सांगावयास हवी. मे महिन्याच्या कोरड्या उन्हांत लांकूड आकसून मान सरळ होते व तारा पडद्यांवर घांसूं लागतात. श्रावणांत तेंच लांकूड ओल पिऊन वाकतें व तारा उंच भासतात. तेव्हां वर्षांतून निदान दोनदां ही जुळणी पुन्हां करावी लागते, आणि स्थिर घोडीची गिटारही यांतून पुरती सुटत नाहीं.

फ्लॉइड रोझ यांच्या, 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या घोडीविषयीं थोडक्यांत. तिच्यांत तारा दोन्ही टोकांस चिमटून टाकतात आणि मग तंबोऱ्याच्या मण्यांसारख्या लहान स्क्रूंनीं बारीक सूर साधतात. कितीही खोल सळई दाबली तरी सूर ढळत नाहीं, हा तिचा गुण निर्विवाद. पण तार बदलावयाची तर तिचें टोंक कापा, चिमटे सोडवा, तोल पुन्हां साधा, असा व्याप आहे. पहिल्या गिटारीस आम्ही ती सुचविणार नाहीं.

पहिल्या गिटारीस आमची शिफारस स्थिर घोडीची. हलती घोडी घरांत आलीच असेल तर पांचही स्प्रिंगा लावून तिची पट्टी अंगास टेकवावी, ठोकळा आणि पोकळींतली मागची भिंत यांच्यामध्यें बेताचा सागवानी तुकडा सुताराकडून बसवून घ्यावा, आणि सळई खोक्यांत ठेवून द्यावी. गिटार अजून घ्यावयाची असेल तर दुकानांत ती लावून घेऊन सळई चांगली दहा वेळां दाबावी, सोडावी, आणि सहाही तारा मोकळ्या वाजवून ऐकाव्या. दुकानदार घाई करूं लागला तर गिटार परत त्याच्या हातीं द्यावी.